पौरस्त्य मांजर घरीं आणावें काय?

गेल्या सहामाही परीक्षेनंतरची गोष्ट. नववीच्या वर्गास 'माझा आवडता प्राणी' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. वह्या तपासतां तपासतां एका वहींत आमची लेखणी थबकली. बैल, कुत्रा व पोपट यांच्या रांगेंत या मुलानें एका निराळ्याच प्राण्याचें वर्णन केलें होतें: वटवाघळासारखे कान, चाबकासारखी शेपटी, काजळासारखा रंग व हिरवेगार डोळे. निबंधाच्या शेवटीं त्यानें लिहिलें होतें कीं, या मांजराचें नांव 'ओरिएंटल शॉर्टहेअर' असें आहे, त्याचें चित्र आपण पाहिलें आहे, वडील वाढदिवसाला तें घेऊन देणार आहेत, आणि 'आमच्या दिवाणखान्यांत तें फार शोभून दिसेल'. निबंधास आम्हीं गुण चांगले दिले. परंतु 'शोभून दिसेल' या शब्दांखालीं तांबडी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशीं मुलानें विचारलें, "सर, यांत शुद्धलेखनाची चूक कोणती?" चूक शुद्धलेखनाची नव्हती. ती कोणती होती, हें वर्गांत चार वाक्यांत सांगणें आम्हांस साधलें नाहीं. म्हणून हा लेख.

आरंभींच सांगणें बरें कीं, आम्ही मांजरांचे वैरी नव्हों. किंबहुना ज्या जातीविषयीं आम्ही लिहीत आहों, तिच्यांतील एका मांजराच्या सहवासांत आम्हीं सहा आठवडे काढले आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें मांजर मनुष्य बहुधा डोळ्यांनीं विकत घेतो, आणि पुढें त्याला तें आपला वेळ देऊन पाळावें लागतें. या दोहोंमधील अंतर ज्यानें आधीं मोजलें नाहीं, त्यानें तें घेऊं नये.

प्रथम नांवाविषयीं. 'ओरिएंटल' म्हणजे पौरस्त्य. नांव ऐकून कोणासही वाटेल कीं, हें मांजर आपल्याच बाजूचें, पूर्वेकडील एखाद्या राजवाड्यांतून थेट आलेलें असावें. वस्तुतः याचें आजोळ तेवढें पूर्वेस असून जन्मघर विलायतेंत आहे. आजोळ म्हणजे सयाम देश, ज्याचें नांव १९३९ सालीं बदलून थायलंड असें ठेवण्यांत आलें. तेथील जुन्या सचित्र पोथ्यांतून शुभलक्षणी मांजरांचीं वर्णनें पद्यांत केलेलीं आढळतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १३ जुलै १८७१ रोजीं हॅरिसन वेअर यांच्या पुढाकारानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत सयामी मांजरें ठेवलीं होतीं, व तीं पाहून कित्येक प्रेक्षकांनीं नाकें मुरडलीं होतीं. पुढें १८८४ सालीं बँकॉक येथील ब्रिटिश वकिलातींतील एडवर्ड ब्लेंको गूल्ड यांनीं एक जोडी मायदेशीं आपल्या बहिणीकडे आणली, आणि नाकें मुरडणारांचेंच पुढें वेड वाढलें. १९०१ सालीं इंग्लंडांत सयामी मांजरांचा स्वतंत्र क्लब निघाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कांहीं हौशी लोकांच्या मनांत आलें कीं, सयामी मांजराचा सडपातळ बांधा तसाच ठेवून त्यास अंगभर एकच रंग आणावा. त्यासाठीं त्यांनीं सयामी मांजरांचा इतर आखूड केसांच्या मांजरांशीं संकर केला. १९५८ सालीं अशा तपकिरी मांजरास इंग्लंडांतील नोंदणी-संस्थेची मान्यता मिळाली. आणि अमेरिकेंतील 'कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन' या संस्थेनें १९७७ सालीं 'ओरिएंटल शॉर्टहेअर' या जातीस प्रदर्शनांतील स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. म्हणजे नांवानें पुराणी वाटणारी ही जात वयानें आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आजोबांहूनही लहान आहे. हें सांगण्याचें कारण असें कीं, हें मांजर निसर्गानें आपोआप घडविलेलें नाहीं. मनुष्यानें तें आपल्या हौसेसाठीं घडविलें. तेव्हां त्याच्या गरजांचें उत्तरदायित्वही मनुष्यावरच आहे.

रंगाची गोष्ट मौजेची आहे. सयामी मांजरांत केसांस रंग आणणारी शरीरांतील क्रिया उष्णता सहन करूं शकत नाहीं. त्यामुळें अंगाच्या उबदार भागीं रंग फिका राहतो, आणि नाक, कान, पंजे व शेपटी या थंड भागींच तो गडद होतो. आईच्या पोटांतील उबेमुळें पिलें जवळजवळ पांढरींच जन्मतात. ओरिएंटल मांजरास पूर्ण रंग देणारा गुण आईकडून किंवा बापाकडून मिळालेला असतो, व तो या उणिवेवर मात करतो. म्हणून बांधा सयामी, परंतु रंग अंगभर, आणि डोळे निळ्याऐवजीं बहुधा हिरवे. काळा, तपकिरी, राखी, तांबूस, पट्ट्यांचा, ठिपक्यांचा असे रंगांचे व नक्षीचे मिळून ३०० हून अधिक प्रकार या जातींत गणले जातात. अंग लांबट, पाय बारीक, मुख त्रिकोणी व केस आखूड. केसांखालीं लोकरीचा थर जवळजवळ नसतोच, म्हणून या मांजराला थंडी लवकर वाजते. इतकी माहिती चित्रावरून किंवा पुस्तकावरून मिळते. जी मिळत नाहीं, तीच महत्त्वाची.

आपल्याकडील साधें मांजर जेवणाच्या वेळीं घरचें व एरवीं गांवाचें असतें. तें आपल्या घरीं राहतें, कीं आपण त्याच्या घरीं राहतों, याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. मांजराचा हा अलिप्तपणा गृहीत धरून पुष्कळ लोक म्हणतात, "कुत्र्याला वेळ द्यावा लागतो, मांजराचें काय, वाटीभर दूध ठेवलें कीं झालें." पुष्कळशा प्रौढ मांजरांस दूध पचतही नाहीं, तें असो, परंतु ओरिएंटल मांजरास हा हिशेब मुळींच लागू पडत नाहीं. तें माणसाच्या मागें मागें एका खोलींतून दुसऱ्या खोलींत फिरतें, कपाटाचीं दारें उघडावयास शिकतें, हांक मारल्यास ओ देतें आणि न मारतांही बोलत राहतें. जनावरांस 'मुके प्राणी' म्हणण्याची आपली पद्धत आहे. हें विशेषण या मांजराला लावणारानें एक रात्र त्याच्या शेजारच्या खोलींत काढून पाहावी. त्याचा आवाज मोठा, घोगरा, कित्येकदां तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा असतो.

मांजराचा स्वभाव कांहीं अंशीं वंशानें ठरतो, हें आतां केवळ हौशी लोकांचें बोलणें राहिलेलें नाहीं. हेलसिंकी विद्यापीठांतील संशोधकांनीं ५,००० हून अधिक मांजरांच्या वागणुकीची माहिती गोळा करून २०१९ सालीं असें दाखविलें कीं, निरनिराळ्या जातींच्या वागणुकींत स्पष्ट फरक आहेत, आणि ज्या जातींची त्या दृष्टीनें तपासणी झाली त्यांत अनुवंशाचा वाटा मोठा आहे. तेव्हां सोबतीची भूक ही या मांजराची प्रकृतीच समजावी. खोड मोडतां येते. प्रकृति मोडूं गेल्यास प्राणीच मोडतो. हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं.

आमची धाकटी बहीण व तिचे यजमान इंग्लंडच्या मध्यभागांतील एका शहरीं रुग्णालयांत नोकरीस आहेत. त्यांस १२ वर्षांचा मुलगा व ९ वर्षांची मुलगी. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत मुलांनीं मांजराचा हट्ट धरला, आणि चित्रें पाहून सर्वांचें मन ओरिएंटलवर बसलें. प्रथम एका विक्रेत्यानें निम्म्या किमतींत ८ आठवड्यांचें पिलूं देऊं केलें. तो आपलें घर दाखविण्यास तयार नव्हता. एका पेट्रोलपंपाच्या आवारांत पिलूं हातीं देऊन रोख पैसे घेणार होता. आमच्या मेहुण्यांना मोह पडला; बहिणीनें साफ नकार दिला. तिनें शहाणपणाच केला. इंग्लंडांत एप्रिल २०२० पासून असा कायदा आहे कीं, सहा महिन्यांच्या आंतील पिलूं मध्यस्थ दुकानदारानें विकूं नये. घेणारानें तें प्रत्यक्ष पैदास करणाराकडून किंवा निराश्रित प्राण्यांच्या आश्रमांतून घ्यावें. पिलूं त्याच्या आईजवळ पाहावयास मिळावें, हा त्यांतील हेतु आहे.

ऑक्टोबरांत त्यांनीं एका वृद्ध इंग्रज बाईंकडून १४ आठवड्यांचें काळें पिलूं ८०० पौंडांस घेतलें. ती मादी होती. तिचें नांव काजळ ठेवलें. गिऱ्हाइकानें मालाची परीक्षा करावी हा जगाचा रिवाज. या बाई गिऱ्हाइकाचीच परीक्षा घेत. घरीं कोण कोण आहे, खिडक्या कशा आहेत, यापूर्वीं कोणता प्राणी पाळला होता व तो कशानें गेला, असें सर्व विचारून शेवटीं त्यांनीं विचारलें, "घर दिवसाचे किती तास रिकामें असतें?" आमचे मेहुणे म्हणाले, "चार तास."

खरें उत्तर नऊ तास होतें. फसविण्याचा त्यांचा हेतु नव्हता. रात्रपाळी असे त्या दिवशीं घर चारच तास रिकामें राही, आणि तोच दिवस त्यांनीं मनाशीं नमुना म्हणून धरला. आपण सर्वजण सोयीचा आंकडा असाच काढतों. बाईंनीं विश्वास ठेवला. मुलगा शेजारींच उभा होता.

पहिला आठवडा शाळेच्या सुटीचा होता. घरांत आनंदीआनंद झाला. सुटी संपली. सकाळीं आठ वाजतां दार लागे तें संध्याकाळीं पांच वाजतां उघडत असे. काजळ दाराशीं बसून ओरडे. भिंतीस भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांनीं आधीं चौकशी केली, मग तक्रार केली. डिसेंबरांत तिनें आमच्या आईनें विणून पाठविलेल्या शालीस वीतभर भोंक पाडलें व लोकर गिळली. लोकर चोखण्याची व खाण्याची ही संवय सयामी वंशांत विशेष आढळते, आणि गिळलेला धागा आंतड्यांत अडकला तर जिवावर बेततें. फेब्रुवारींत ती आपलें पोट एकसारखें चाटूं लागली. केस जाऊन कातडी दिसूं लागली. मार्चांत मंडळी चार दिवस बाहेरगांवीं गेलीं असतां शेजारीण दोन्ही वेळां अन्न घालून जाई. काजळनें त्यास तोंड लाविलें नाहीं. मांजर कांहीं दिवस उपाशी राहिल्यास शरीरांतील चरबी यकृतांत सांचून तें मरणोन्मुख होऊं शकतें. म्हणून पशुवैद्यानें तिला दोन दिवस दवाखान्यांत ठेवून घेतलें. रक्त, कातडी, आंतडीं सर्व तपासून त्यानें सांगितलें, "हिला रोग कांहीं नाहीं. हिला दिवसभर कोणी नाहीं, इतकेंच."

२०२४ सालच्या एप्रिलअखेर आम्ही सुटींत तेथें गेलों, तेव्हां घरांत दोन पक्ष पडलेले होते. मेहुणे म्हणत, मांजर परत करावें. भाची तें ऐकून रडे. बहीण दोघांकडे पाहून गप्प राही, आणि भाचा कांहींच बोलत नसे. आम्हांस त्या घरीं काम असें नव्हतें. सकाळीं मंडळी बाहेर पडलीं कीं आम्हीं खुर्चींत वाचीत बसावें, आणि काजळनें आमच्या खांद्यावर चढून बसावें, असा क्रम पडला. आम्ही स्वयंपाकघरांत गेलों तर ती पुढें, जिना चढलों तर पायांत. आम्ही मराठींत बोलूं, ती आपल्या भाषेंत उत्तर देई, आणि दोघांचाही गैरसमज होत नसे. तिसऱ्या आठवड्यांत तिच्या पोटावर मऊ काळी लव दिसूं लागली. बहीण म्हणाली, "दादा, तुझा पायगुण चांगला."

पायगुणाचें श्रेय घेणें सोपें होतें. परंतु एका संध्याकाळीं भाचा आमच्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, तूं बारा जूनला गेल्यावर काय?"

आम्हीं म्हटलें, "बघूं."

तो म्हणाला, "बाबांनीं त्या बाईंना चार तास सांगितले होते. नऊ होते."

मेहुणे समोरच बसले होते. कांहीं वेळ ते बोलले नाहींत. मुलावर ते रागावतील, असें आम्हांस वाटलें. ते रागावले नाहींत. उठून त्यांनीं त्या बाईंना फोन केला आणि खरा आंकडा सांगितला. बाई म्हणाल्या कीं, नऊ तास सांगितले असते तर एकटें पिलूं त्यांनीं दिलेंच नसतें. दोन दिलीं असतीं, नाहीं तर एकही नाहीं. करारांत लिहिल्याप्रमाणें काजळला परत घेण्यास त्या केव्हांही तयार होत्या. दुसरा मार्गही त्यांनीं सुचविला. त्यांच्याजवळ पांच वर्षांची एक शांत मांजरी होती. तिला पैदाशींतून निवृत्त करून तिची शस्त्रक्रिया केली होती. ती न्यावी, मात्र घर रिकामें राहण्याचे तासही कमी करावे. एका मांजरावर दुसरें मांजर हा उतारा आहे, परंतु तो माणसाची जागा भरून काढीत नाहीं, असें त्यांनीं बजावलें.

त्या रात्रीं जेवणानंतर कागद घेऊन आठवड्याचें कोष्टक मांडण्यांत आलें. बहिणीनें एक पाळी बदलून घेण्याचें ठरविलें. मेहुण्यांनीं आठवड्यांतून दोन दिवस दुपारीं घरीं येण्याचें कबूल केलें. भाचा संध्याकाळचें क्रिकेट सोडण्यास निघाला. तें मात्र आम्हीं सोडूं दिलें नाहीं, कारण चूक मोठ्यांची होती. नऊ तासांचे सरासरी सहा झाले. मग ती दुसरी मांजरी आली. तिला एकदम काजळच्या समोर आणलें नाहीं. प्रथम निराळ्या खोलींत ठेवलें. एकीचें अंथरूण दुसरीस हुंगावयास दिलें. बंद दाराच्या दोन बाजूंस दोघींच्या थाळ्या मांडल्या. पुढें दार बोटभर किलकिलें केलें. दहा दिवस फुरफुर व गुरगुर चालली. आम्ही निघालों त्या सकाळीं दोघी एका टोपलींत झोपल्या होत्या, व आम्हीं निरोप घेतला तेव्हां एकीनेंही डोळा उघडला नाहीं. आम्हांस थोडें वाईट वाटलें, आणि पुष्कळ हायसें वाटलें. काजळ अद्यापि लोकर चोखते, असें बहीण पुढें लिहून कळवीत असे. म्हणून त्या घरीं शाली कुलपांत असतात.

या अनुभवावरून आमचें जें मत बनलें, तें पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट तासांची. मांजराची किंमत एकदां द्यावी लागते; तास रोज द्यावे लागतात. ज्या घरांत आजीआजोबा आहेत, किंवा कोणी घरीं बसून काम करणारें आहे, त्या घरीं ओरिएंटल मांजर सुखानें राहील, इतकेंच नव्हे तर त्या वडीलधाऱ्यांचीही उत्तम सोबत करील. ज्या घराला रोज सकाळीं कुलूप लागून संध्याकाळीं तें निघतें, त्या घरीं एकटें ओरिएंटल पिलूं आणूं नये. हा हिशेब करतांना सोयीचा दिवस धरूं नये. आठवड्यांतील सर्वांत वाईट दिवस धरावा.

दुसरी गोष्ट वर्षांची. नीट जपलेलें असें मांजर १२ ते १५ वर्षें सहज जगूं शकतें. आज १४ वर्षांच्या मुलानें पिलूं आणिलें, तर तें म्हातारें होईल तेव्हां तो २९ वर्षांचा असेल. मधल्या काळांत त्याचें महाविद्यालय, नोकरी आणि कदाचित् परगांवचा संसार यावयाचा आहे. म्हणून मुलानें मांजर मागावें, परंतु वचन आईबापांनींच द्यावें. कारण तें पाळण्याची पाळी त्यांच्यावरच येणार आहे.

तिसरी गोष्ट विकत घेण्याची. पिलूं त्याच्या आईजवळ, तें जेथें वाढलें त्या घरींच पाहावें. इंग्लंडांत १९१० सालीं स्थापन झालेल्या नोंदणी-संस्थेची शिफारस आहे कीं, पिलूं १३ आठवड्यांचें होण्यापूर्वीं व लसी टोचल्यावांचून नव्या घरीं देऊं नये. आई व भावंडें यांच्यांत राहूनच तें चावा केवढा घ्यावा व नखें केव्हां आंत ओढावीं हें शिकतें. तेथें १० जून २०२४ पासून २० आठवड्यांच्या आंत मांजराच्या कातडीखालीं ओळखीची सूक्ष्म चकती बसविणें सक्तीचें झालें आहे. या वंशांत डोळ्याचें दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक अनुवंशिक रोग आढळतो. पिलूं जन्मतां ठीक असतें आणि ऐन तारुण्यांत अंध होतें. आई व बाप दोघांकडूनही दोष आला तरच हा रोग होतो, आणि गालाच्या आंतून घेतलेल्या नमुन्यावरून तो दोष तपासतां येतो. तो दाखला मागावा. यकृतांत एक प्रकारचें प्रथिन सांचून होणारा रोगही या वंशांत दिसतो. त्याची अशी सोपी तपासणी नाहीं, म्हणून आईबापांच्या वंशांत कोणी तसें दगावलें होतें काय, हें स्पष्ट विचारावें. प्रदर्शनाच्या हौसेनें मुख अधिकाधिक निमुळतें करण्याची जी चढाओढ आहे, तिला आपल्या पैशानें उत्तेजन देऊं नये. शस्त्रक्रिया वेळेवर करावी, कारण या जातीच्या माद्या लवकर वयांत येतात. उंच इमारतींत राहणारांनीं खिडक्यांस जाळी बसविल्यावांचून मांजर आणूंच नये.

आपल्या देशांत १९६० सालचा प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याखालीं २०१८ सालीं पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधीं नियम करण्यांत आले. अशा दुकानानें राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. ती नोंदणी पाहावयास मागण्यांत संकोच कसला? आणखी असें कीं, वंशावळीच्या दाखल्यावांचून कोणतेंही सडपातळ, मोठ्या कानांचें मांजर 'ओरिएंटल' म्हणून खपवितां येतें. तें मांजर म्हणून कमी प्रतीचें नसतें. परंतु भपकेदार नांवाचे पैसे मात्र फुकट जातात.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, गल्लोगल्लीं पिलें उपाशी फिरत असतां परदेशी जातीच्या मांजरावर पैसा कां खर्चावा? हा आक्षेप आम्हांस बहुतांशीं मान्य आहे. ज्याला मांजर हवें आहे, त्यानें गल्लींतलें पिलूं उचलावें, त्यास लसी टोचाव्या, त्याची शस्त्रक्रिया करावी. मांजरपणांत तें कोठेंही उणें पडणार नाहीं. ज्याला दिवाणखान्याची शोभा हवी आहे, त्यानें चित्र विकत घ्यावें. चित्र रात्रीं ओरडत नाहीं. ज्याला हाच बोलका, चिकट, हट्टी स्वभाव खरोखर हवा आहे, ज्याच्या घरीं दिवसा माणसें आहेत, आणि पुढचीं १५ वर्षें ज्यानें मोजून पाहिलीं आहेत, त्यानेंच ओरिएंटल घ्यावें. असा मनुष्य विरळा आहे, आणि म्हणून हें मांजरही विरळाच घरीं असावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां त्या तांबड्या रेघेविषयीं. आमच्या विद्यार्थ्याच्या वाक्यांत मांजर केवळ दिसणारें होतें. तें स्वतः पाहतें, वाट पाहतें, दार लागल्याचा आवाज ओळखतें, ही गोष्ट त्या वाक्यांत नव्हती. रेघ त्या उणिवेखालीं होती. आम्हीं त्याला सांगितलें कीं, निबंध पुन्हा लिहूं नकोस. घर किती तास रिकामें असतें याचें आठवड्याचें कोष्टक करून आण. चार दिवसांनीं त्यानें तें आणिलें. त्यानें सोयीचा आंकडा काढलेला नव्हता, याचें आम्हांस समाधान वाटलें: सोमवार ते शुक्रवार रोज सात तास, शनिवारीं पांच. कोष्टकाच्या खालीं त्यानें पेन्सिलीनें लिहिलें होतें, "आजी गांवाहून आमच्याकडे राहावयास आली तर?"

आम्हीं त्याखालीं शेरा मारला, "तर आधीं आजीला विचार."